सीटखालचा पंप

आष्टीचा पूल ओलांडून गोंडपिपरीकडे येताना गाडीनं दोन आचके दिले आणि कडेला जाऊन उभी राहिली. मागे सीताफळांचे क्रेट, डोक्यावर ऊन, आणि परवा चंद्रपूरच्या दीक्षाभूमीचा सोहळा. त्या सोहळ्याला बाबांना मी माझ्या गाडीतून नेणार होते. गावात सगळ्यांना सांगून बसले होते. थोरल्या भावाला तर मुद्दाम फोन करून सांगितलं होतं.

चावी पुन्हा फिरवली. आमच्या गाडीत चावी फिरवली की मागच्या सीटखालून एक बारीक घूं आवाज येतो आणि लगेच थांबतो. टाकीतल्या पेट्रोलमध्ये बुडालेला एक विजेचा पंप असतो, त्याचा तो आवाज. तो इंजिनाकडे पेट्रोल ढकलतो. आवाज आला नाही. मला काय झालं ते तिथंच कळलं. पण बॉनेट मी उघडलं नाही. बॉनेट वर दिसलं की येणाऱ्याजाणाऱ्याला बाई अडचणीत आहे हे कळतं, आणि अडचणीतल्या बाईची सीताफळं फुकटात जातात. मी दारं उघडी टाकली, डबा काढला आणि सावलीत जेवायला बसले. थोड्या वेळानं एक पिकअप थांबला.

"सीताफळं चंद्रपूरले चालली का बाई?"

"चंद्रपूरले. काऊन, तुले पाहिजेत का?"

त्यानं भाव पाडला, मी डबा खात राहिले. तो आपल्या पिकअपकडे जाऊन परत आला, मी पाणी प्याले. शेवटी माझ्या भावात त्यानं क्रेट उचलले. तो वळणाआड गेल्यावरच मी एका ट्रॅक्टरवाल्याला हात केला.

ही बाजारातली रीत मला कोणी शिकवलेली नाही. चिंच, चारोळी, हिरडा, मध, सीताफळ, ज्या मोसमात जे निघेल ते मी मुलचेऱ्याच्या आतल्या गावांतून घेते आणि चंद्रपूरला विकते. सुरुवात डोक्यावरच्या टोपलीनं केली. नंतर एसटीच्या टपावरून माल नेला, कंडक्टरांशी भांडत. गाडी जुनी घेतली, पण माझ्या कमाईची घेतली आणि चालवायला स्वतः शिकले. आई गेल्यापासून बाबा माझ्याकडे राहतात. भाऊ चंद्रपूरला नोकरीत आहे, त्याचं घर पक्कं आहे, त्याच्या बोलण्यालाही घरात पक्क्या घरासारखा मान आहे.

या भावाकडे माझं एक येणं आहे, आणि ते पैशाचं नाही. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन चंद्रपूरला झालं होतं. सुट्टी मिळाली त्या दिवशी मी गाडी धुऊन, पुढच्या सीटवर स्वच्छ चादर घालून दवाखान्याच्या फाटकापाशी उभी होते. बराच वेळ कोणी येईना म्हणून आत गेले, तर खाट रिकामी. भावानं भाड्याची गाडी बोलावून बाबांना दुसऱ्या फाटकानं नेलं होतं. फोनवर म्हणाला, "तुह्या गाडीचा काय भरवसा? कोठारीच्या जंगलात बंद पडली तर बाबाले वाघापुढं बसवशीन का?" मी त्यांना गाठलं. मग गावापर्यंत त्यांच्या मागे-मागे माझी रिकामी गाडी चालवत आले. पुढच्या काचेतून बाबांचं डोकं दिसत होतं, मागे डोळ्यावरच्या हिरव्या पट्टीची गाठ. तेव्हापर्यंत माझी गाडी रस्त्यात एकदाही बंद पडली नव्हती.

आता पडली होती. तीही या वेळी.

बाबा लहान असताना, दीक्षा झाली त्या पहिल्या वेळी, आपल्या बापाच्या खांद्यावर बसून दीक्षाभूमीच्या मैदानात गेले होते. त्यानंतर दर वर्षी. बैलगाडीनं गेले, एसटीनं गेले, एका वर्षी पायी गेले. आता गुडघे राहिले नाहीत. भाऊ म्हणत होता, या वर्षी राहू दे, गर्दीत हाल होतील, मी मोबाइलवर दाखवतो. बाबांनी मात्र पांढरा सदरा इस्त्रीला दिला होता.

ट्रॅक्टरवाल्यानं दोर बांधताना विचारलं, "बाई, बैलजोडी आणू का? ट्रॅक्टरपेक्षा शोभून दिसन."

"तू दोर नीट बांध. शोभेचं मी पाहतो," मी म्हटलं. आमच्याकडे बायाही असंच बोलतात.

चंद्रपूरच्या मोठ्या गॅरेजला गाडी न्यायचा प्रश्नच नव्हता. महिनाभरापूर्वी चढावर गाडी ओढ धरेना म्हणून मी तिथं गेले होते. पांढऱ्या शर्टाच्या साहेबानं मागची सीट उचलून टाकीचं झाकण मला दाखवलं आणि म्हणाला, "मॅडम, पंप कमजोर झाला आहे. पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल. गाडी ठेवून जा."

"पुरी कायले? मोटर बदला ना नुसती."

"तसं आमच्याकडे होत नाही." आणि मग बाकड्यावरच्या चार गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं तो बोलला, "तुमच्या भागातल्या गाड्यांचं हेच आहे. बाटलीतलं पेट्रोल ओतता, टाकी कायम रिकामी ठेवता. ही मोटर पेट्रोलमध्ये बुडालेली राहिली तरच थंड राहते. तुम्ही लोक ती जाळता."

तुम्ही लोक. हा शब्द मी पोटात ठेवणारी नाही. म्हटलं, "आमच्या गावात पेट्रोलपंप आणून टाक, मंग बाटली बंद करतो." आणि गाडी घेऊन निघाले.

त्याला आमची गावं माहीत नाहीत. आत किराणा दुकानाच्या पुढे पेट्रोलच्या बाटल्या ओळीनं ठेवलेल्या असतात. दुकानदार नरसाळ्यावर फडकं धरून टाकीत ओततो. जायचं तेवढ्यापुरतं घ्यायचं, कारण टाकी भरून गाडी अंगणात उभी केली तर सकाळपर्यंत कोणीतरी नळी घालून निम्मं पेट्रोल ओढून नेतं. म्हणून आमच्याकडे कोणाच्याच टाकीत कधी तळापेक्षा जास्त पेट्रोल नसतं. मोटारसायकलला त्यानं काही होत नाही, म्हणून गाडीलाही होणार नाही असं आम्ही सगळे धरून चालतो. पंपाबद्दल तो साहेब खरं बोलला असेल. माझ्याबद्दल नाही.

गोंडपिपरीचा मेकॅनिक मोटारसायकली आणि डिझेलचे पिकअप दुरुस्त करतो. माझी गाडी दोरानं ओढत आलेली बघून तो उठला, आणि पंप टाकीत आहे हे ऐकून परत बसला.

"बाई, पेट्रोलच्या टाकीत मी हात नाई घालत. एक ठिणगी पडली तर माह्यं दुकान बी जाईन अन् मी बी जाईन."

"ठिणगी पडू द्याची नाई. सीट उचल, झाकण सीटखाली हाय. टाकी उतरवा लागत नाई."

"तुमाले कोणं सांगतलं?"

"चंद्रपूरच्या साहेबानं. शिव्या देता देता दाखवलं."

तो हसला आणि तिथंच फसला. गाडी दुकानातून ढकलून बाहेर मोकळ्यावर घेतली. बॅटरीची तार काढली. बाकड्यावर बसलेल्या एका बाप्यानं बिडी पेटवली होती.

"विझव ते," मी म्हटलं.

"दूर तर बसलो ना बाई."

"दूर म्हणजे गोंडपिपरीच्या भायेर. ऊठ."

तो पुटपुटत उठला. सीट निघाली, खाली सीताफळांच्या बिया, एक रुपयाचं नाणं आणि मोसमामोसमाची लाल माती. झाकणाभोवतीची माती टाकीत पडू नये म्हणून मेकॅनिकनं हवेच्या नळीनं ती उडवली, माझ्या तोंडावर. वायरीचा प्लग काढला, मग नळ्या, खाली फडकं धरून. एक मोठी चुडी, फिरवून बसणारी कडी, पंपाला टाकीत धरून ठेवते. लोखंडाला लोखंड लागू नये म्हणून त्यानं तिच्या खाचेत लाकडाचा तुकडा धरला आणि त्यावर हातोडीनं टिचक्या मारत ती फिरवली. मग पंप हळू, तिरपा करत वर काढला. त्याला एक तरंगणारा दांडा असतो, पेट्रोलचा काटा त्यावर चालतो. तो वाकला तर टाकी किती भरली ते कधीच कळत नाही.

पंपाच्या तळाची जाळी नदीतून काढलेल्या फडक्यासारखी काळी होती. मेकॅनिकनं ती बोटानं खरवडली. गाळात पांढरे धागे निघाले, नरसाळ्यावरच्या फडक्याचे. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं.

प्लास्टिकच्या घरातून मोटर सुटी केली, पुसली, टाकीपासून लांब नेऊन दुसऱ्या बॅटरीला लावून बघितली. हलेना. टाकीच्या तोंडावर पॉलिथिन बांधून मी मोटर पिशवीत घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीत कंडक्टरनं नाक वर केलं.

"पेट्रोल घेऊन चढलं का कोणी?"

"पेट्रोल नाई. पंप हाय."

"अख्खा पंप आणला का बाई? मंग मालक कुठी हाय?"

अख्खी एसटी हसली. मीही हसले, पण पिशवी खिडकीबाहेर धरून बसले, नाहीतर त्यानं कोठारीलाच उतरवलं असतं.

चंद्रपूरला जटपुरा गेटाच्या बाहेरच्या एका पार्टच्या दुकानात गेले. मोटर लगेच काढली नाही. आधी वायपरचा भाव विचारला, मग हॉर्नचा, मग जाळीचा. दुकानदाराला मी रिकामटेकडी वाटू लागले तेव्हा मोटर काउंटरवर ठेवली, जणू वाटेत सापडली होती.

"अशी असन तर दाखवा. नसन तर राहू द्या."

त्यानं ती हातात फिरवली. "बाई, घरून कोणी माणूस नाही आला का? त्याला समजावून सांगितलं असतं."

"घरचा माणूस मीच आहे. सांगा."

त्यानं एक मोटर काढली, जवळजवळ तशीच. मी म्हटलं ही आमची नाही. तो म्हणाला बसते. मी उठले. त्यानं मला परत बसवलं. मी जाळी आणि रबराची नवी रिंग त्यातच मागितली. तो म्हणाला अशानं दुकान बंद होईल. मी म्हटलं तुमचं दुकान मी लहान असल्यापासून बंद होऊन राह्यलं. हे बराच वेळ चाललं, आणि मोठ्या गॅरेजच्या साहेबानं सांगितलं होतं त्याच्या पासंगालाही न पुरणाऱ्या रकमेत मी तिन्ही वस्तू घेऊन बाहेर पडले. दुकानदार नंतर म्हणाला की वायरी कोणत्या बाजूला लावायच्या ते त्यानं मला सांगितलं होतं. सांगितलं असेल. मी तेव्हा भाव करत होते.

दुपारी गोंडपिपरीला नवी मोटर जुन्या घरात बसवली, नवी जाळी, नवी रिंग, पंप टाकीत, चुडी जागेवर. वायरी जोडल्या. मी चावी फिरवली. सीटखालून घूं आवाज आला. मेकॅनिकनं हात जोडले. बाकड्यावरचा कालचा बिडीवाला, न बोलावता आलेला, टाळी वाजवून मोकळा झाला.

मी स्टार्टर मारला. इंजिन फिरलं, पेटलं नाही. पुन्हा. पुन्हा. आवाज येतोय, गाडी चालू होत नाही.

"डुप्लिकेट मोटर देल्ली त्यानं तुमाले," मेकॅनिक म्हणाला. "सस्त्यात घेतली ना?"

त्याच वेळी फोन वाजला. भाऊ. आमच्या गावची माणसं गोंडपिपरीला असतातच, बातमी त्याच्यापर्यंत गेली होती.

"गाडी खोलून पडली म्हणे?"

"दुरुस्त होऊन राह्यली."

"पाह्य, उद्या सकाळी मी भाड्याची गाडी पाठवतो. बाबाले तिच्यात बसव. तू बी बस. उगाच जिद्द कायले करतं?"

"गाडी पाठवली तर रिकामी जाईन," मी म्हटलं आणि फोन ठेवला. मला ठाऊक होतं की उद्या बाबा त्याच्या गाडीत बसले तर पुन्हा कधी माझ्या गाडीत बसणार नाहीत. बसू देणारच नाही कोणी. गावात मग ते कायमचं ठरून जाईल.

मी मेकॅनिकला इंजिनाकडची नळी सोडायला लावली, खाली डबा धरला, चावी फक्त एकदा फिरवली. घूं आवाज आला, डब्यात थेंब नाही. मोटर फिरत होती आणि काही ढकलत नव्हती.

हे मी कुठंतरी बघितलं होतं, आणि कुठं ते आठवायला वेळ लागला नाही. आमच्याकडे डीपीवर, म्हणजे गावाच्या ट्रान्सफॉर्मरवर, काम झालं की लाइन परत येते तेव्हा कधी कधी विहिरीवरची मोटर नुसतीच घुमते. आवाज पुरा, धार मेलेली. तेव्हा वावरातला कोणीही माणूस डोकं खाजवत नाही. दोन वायरी काढून उलट लावतो.

"मोटर उलटी फिरून राह्यली," मी म्हटलं.

"बाई, ते वावरातलं थ्री फेज. हे बारा व्होल्टचं खेळणं. दोघांचं नातं नाई."

"वायरी दोन हायत ना?"

"हायत."

"मंग बदल."

"पुना खोला लागन."

"मी हातोडी मारतो, तू लाकूड धर."

त्यानं कपाळावर हात मारला आणि लाकूड धरलं. पंप पुन्हा तिरपा करून वर आला. नव्या मोटरचे दोन पाय जुन्या मोटरच्या उलट बाजूला होते. एकावर अधिकचं चिन्ह होतं, पेट्रोलनं पुसट झालेलं. आम्ही दोघांनी ते मघाशी बघितलं नव्हतं. वायरी बदलल्या, सगळं परत बसवलं. नळी जोडली, चावी दिली, थांबले, पुन्हा दिली, म्हणजे नळीत पेट्रोल भरावं. मेकॅनिकनं झाकणापाशी वाकून गळती बघितली, नाक लावून वास बघितला. मग मी स्टार्टर मारला.

गाडी एका झटक्यात चालू झाली. मी अॅक्सिलरेटर इतका दाबला की पलीकडच्या चहाच्या टपरीवरचे लोक उठून उभे राहिले. मेकॅनिक ओरडला, "बस, बाई, बस! त्यायले ऐकू गेलं."

"चंद्रपूरपरेंत जाऊ दे," मी म्हटलं.

टाकी भरायला त्यानं सांगितलं. भरली. सकाळपर्यंत कोणी ओढून नेऊ नये म्हणून मी गाडीतच झोपायला तयार होते. तशी वेळ आली नाही, घरी पोचल्यावर बाबांनीच अंगणात गाडीपाशी खाट टाकली.

सकाळी भावाची भाड्याची गाडी खरंच आली. पांढरी, एसीवाली. ड्रायव्हर गावाच्या चौकात विचारत विचारत अंगणात आला तेव्हा बाबा इस्त्रीचा सदरा घालून ओट्यावर बसले होते. ड्रायव्हर म्हणाला, साहेबांनी पाठवलं. बाबांनी त्याच्या गाडीकडे बघितलं, माझ्या गाडीकडे बघितलं. मी भाव करते तेव्हा बोलते, हे भाव करायचं काम नव्हतं. मी माझ्या गाडीचं पुढचं दार उघडलं आणि उघडंच ठेवून चाकाची हवा बघत बसले, जिच्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

बाबा काठी टेकत उठले. "त्याले चहा दे," ड्रायव्हरकडे बोट करून म्हणाले, "अन् पाठव वापस." आणि माझ्या गाडीत येऊन बसले. गुडघे हातानं उचलून आत घेतले.

कोठारीच्या जंगलात मी वेग कमी केला नाही. बाबा म्हणाले, "एवढी कायले पळवतं?" मी म्हटलं, "पळते म्हणून." बल्लारपूर सोडलं तेव्हा रस्त्यावर पांढरे कपडे दिसू लागले, निळे झेंडे लावलेले टेम्पो, चालत निघालेल्या बाया. बाबांनी काच खाली केली आणि प्रत्येकाला जयभीम घालायला लागले. दोन जणांनी ओळखून परत घातला, बाकीच्यांनी न ओळखताच.

मैदानापासून लांबच पोलिसांनी गाड्या थांबवल्या होत्या. त्या गर्दीत भाऊ उभा होता, हातात फोन. त्यानं येणाऱ्या गाड्या बघायला मान वर केली आणि माझी दिसली. बाबा पुढच्या सीटवर. तो काचेपाशी आला.

"ड्रायव्हरनं फोन केला मले," तो म्हणाला. "बाबा, रस्त्यात काई त्रास झाला का?"

"हवा लई लागली," बाबा म्हणाले. "काच बंदच नाई केली."

भाऊ माझ्याकडे वळला. "एवढ्या गर्दीतून परत कशी नेशीन त्यायले? संध्याकाळी मी दुसरी गाडी पाहतो."

मी तोंड उघडलं. दवाखान्याचं फाटक, रिकामी खाट, हिरवी पट्टी, सगळं तोंडाशी आलं होतं. एवढं साठवून ठेवलेलं की त्या गर्दीत पोलिसांनाही ऐकू गेलं असतं. पण बाबांनी काठी काचेबाहेर काढून त्याच्या छातीला लावली, हळूच, ढोराला बाजूला करतात तशी.

"संध्याकाळी मी याच गाडीनं जातो," ते म्हणाले. "तुले बी गावाले याचं असन तर आतापासूनच मांगं बस."

भाऊ उभा राहिला. मागच्या सीटवर सीताफळांचा वास होता आणि नव्यानं बसवलेल्या सीटचा एक कोपरा अजून नीट दबलेला नव्हता. त्यानं आत बघितलं, इकडे तिकडे बघितलं. मला वाटलं, मी दार उघडून देण्याची तो वाट बघत होता. मी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि समोर बघत राहिले.

दार त्याचं त्यालाच उघडावं लागलं.